पोकाहाँटसचा दुसरा भाग : मुलीला दाखवावा का, आणि कशावर दाखवावा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. अमेरिकेतल्या मावशीने पूर्वी पाठवलेली 'पोकाहाँटस 2 : जर्नी टू अ न्यू वर्ल्ड' या डिस्नेच्या ॲनिमेशन सिनेमाची व्हीएचएस कॅसेट माळा आवरताना सापडली. नऊ वर्षांच्या मुलीने पहिला भाग नुकताच पाहिलाय आणि 'मग पुढे काय झालं?' म्हणून ती मागे लागलीय. आता ती कॅसेट डिजिटल करून घ्यावी की डिस्क मागवावी? की दाखवूच नये, कारण जिथे वाचावं तिथे लोक या भागाला नावं ठेवतात?

मी मुलांना सिनेमे दाखवण्याचं काम बरीच वर्षं करतेय, आणि लोकांच्या घरच्या जुन्या टेप डिजिटल करून देणं हा माझा व्यवसाय आहे. त्यामुळे तुमच्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू रोजच्या ओळखीच्या आहेत. कॅसेट की डिस्क हा सोपा भाग, त्याचं उत्तर शेवटी देते. अवघड आहे तो मुलीचा प्रश्न. पोकाहाँटस ही खरोखर होऊन गेलेली अमेरिकेतली मूलनिवासी मुलगी. 'पुढे काय झालं' याचं एक उत्तर सिनेमा देतो, दुसरं इतिहास देतो, आणि ही दोन उत्तरं जुळत नाहीत. पहिल्या भागात हे झाकून गेलं, दुसऱ्यात झाकता येत नाही. दाखवावा, असं माझं स्पष्ट मत आहे. पण काय दाखवतोय हे आधी आपल्याला माहीत हवं.

आधी नावं का ठेवतात ते पाहू. हा सिनेमा थिएटरसाठी काढलेलाच नव्हता. 25 ऑगस्ट 1998ला तो अमेरिकेत थेट कॅसेटवर आला. 1994मध्ये डिस्नेने 'अल्लादीन'चा पुढचा भाग 'द रिटर्न ऑफ जाफर' असाच परस्पर व्हिडिओवर आणला होता. तो दणक्यात खपला, आणि गाजलेल्या सिनेमांचे पुढचे भाग थेट घरी विकायचा रस्ताच खुला झाला. 'द लायन किंग'चा दुसरा भागही याच 1998च्या ऑक्टोबरमध्ये कॅसेटवर आला. 2006मध्ये डिस्नेने पिक्सार ही ॲनिमेशन कंपनी विकत घेतली आणि त्यानंतर हा सिलसिला थांबवण्यात आला. तुमची कॅसेट त्या ऐन भरातल्या दिवसांतली आहे.

साहजिकच पैसा, वेळ आणि माणसं वेगळी. 1995चा पहिला भाग मुख्य स्टुडिओने केला, नायिकेच्या रेखाटनाची जबाबदारी ग्लेन कीनसारख्या माणसाकडे होती, संगीत ॲलन मेन्केनचं, गीतं स्टीव्हन श्वार्ट्झची, आणि त्या संगीताला दोन ऑस्कर मिळाले. दुसरा भाग डिस्नेच्या टीव्ही विभागाने केला. दिग्दर्शक टॉम एलरी आणि ब्रॅडली रेमंड, गाणी दुसऱ्यांची, लांबी सुमारे 72 मिनिटं. पोकाहाँटसचा बोलण्याचा आवाज आयरीन बेडार्डचा आणि गाण्याचा ज्युडी कुनचा, हे दोन्ही मात्र कायम राहिले. पहिल्या भागातला इंग्रज नायक जॉन स्मिथ याचा आवाज मेल गिब्सनऐवजी त्याचा धाकटा भाऊ डोनल याने दिला, आणि नवा नायक जॉन रॉल्फ बोलतो बिली झेनच्या आवाजात. 'टायटॅनिक'मधला तो श्रीमंत वाग्दत्त वर आठवतोय ना, तोच हा. चित्रात फरक कुठे जाणवतो? पहिल्या भागात नायिका नुसती उभी असली तरी वारा, केस, पानं यांचं काहीतरी चाललेलं असतं. इथे पात्र बोलतं तेव्हा मागचं लंडन बहुतेक वेळ चित्रासारखं स्तब्ध राहतं. मोठ्या पडद्याच्या अपेक्षेने बघितलं तर हे खुपतं. घरच्या टीव्हीवर, मुलांच्या सोबतीने बघताना मला ते फारसं खुपलेलं नाही, आणि मुलांनी तर ही तक्रार कधीच केलेली नाही.

पण बहुतेकांचा राग चित्रांवर नसतोच. राग असतो कथेवर. पहिल्या भागात जिच्या आणि स्मिथच्या प्रेमासाठी आपण जीव टाकला, ती दुसऱ्या भागात रॉल्फबरोबर जाते! प्रेक्षकांना हा विश्वासघात वाटला. आणि इथेच मला या सिनेमाची बाजू घ्यावीशी वाटते. कारण खऱ्या पोकाहाँटसचं लग्न रॉल्फशीच झालं होतं. स्मिथबरोबरचं प्रेम ही पहिल्या भागाची कल्पना. म्हणजे लोक ज्या भागाला खोटा म्हणतात, निदान नवऱ्याच्या बाबतीत तोच खरा आहे.

आता खरं काय घडलं ते जरा तपशिलात सांगते, कारण मुलगी विचारणार आहे आणि उत्तर तुम्हाला द्यायचं आहे.

इंग्रजांनी 1607मध्ये व्हर्जिनियात जेम्सटाउन वसवलं, तेव्हा ही मुलगी दहा-अकरा वर्षांची होती. म्हणजे जवळपास तुमच्या मुलीएवढीच. वडील वाहुनसेनाका हे त्या परिसरातल्या अनेक जमातींचे प्रमुख, इंग्रज त्यांना पोव्हाटन म्हणत. विल्यम स्ट्रॅची नावाच्या वसाहतीतल्या लेखकाने नोंदवून ठेवलंय की ती जेम्सटाउनमध्ये येऊन तिथल्या पोरांबरोबर हातांवर कोलांट्या मारत फिरायची. मुलांना मी सगळ्यात आधी हेच सांगते, कारण या एका नोंदीत ती एकदम खरी होते. स्मिथ 1609मध्ये बंदुकीच्या दारूच्या स्फोटात भाजून इंग्लंडला परतला. तिने मध्ये पडून त्याचा जीव वाचवल्याची ती प्रसिद्ध गोष्ट त्याने सविस्तर छापली 1624मध्ये, म्हणजे ती वारल्यावर कितीतरी वर्षांनी. अभ्यासकांना त्या गोष्टीबद्दल शंका आहे ती यामुळेच.

त्यानंतरचा भाग दोन्ही सिनेमांनी गाळलाय. स्ट्रॅचीच्याच नोंदीप्रमाणे तिचं कोकूम नावाच्या आपल्यातल्याच माणसाशी लग्न झालं होतं. 1613मध्ये सॅम्युअल अर्गल या इंग्रज कप्तानाने तिला पळवून नेलं. एका स्थानिक प्रमुखाला आणि त्याच्या बायकोला हाताशी धरून तिला गोडीगुलाबीने जहाजावर चढवलं, आणि त्या दोघांना या कामाचा मोबदला म्हणून तांब्याची किटली दिली. ओलीस असतानाच तिला ख्रिस्ती केलं, रेबेका हे नाव दिलं, आणि 5 एप्रिल 1614ला रॉल्फशी तिचं लग्न झालं. हा रॉल्फ म्हणजे व्हर्जिनियात विकाऊ तंबाखूची लागवड यशस्वी करणारा माणूस. या लग्नाने काही वर्षं दोन्ही बाजूंत शांतता राहिली हे खरं. पण कैदेत असलेल्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलीच्या होकाराला किती अर्थ असतो, हा प्रश्न राहतोच. तिच्या लोकांपैकी मट्टापोनी जमातीत तोंडी चालत आलेला इतिहास याहून फार कठोर आहे. त्यात जबरदस्ती आहे, आणि तिच्या मृत्यूबद्दल विषप्रयोगाचा आरोपही आहे. नऊ वर्षांच्या मुलीला एवढं सांगायची गरज नाही. चौदा-पंधराची झाली की जरूर सांगा.

1616मध्ये ती, रॉल्फ, तान्हा मुलगा थॉमस आणि तिच्याकडची काही माणसं इंग्लंडला गेली. सिनेमात ती राजदूत म्हणून जाते, लढाई टाळायला. प्रत्यक्षात खर्च व्हर्जिनिया कंपनीचा होता, आणि कंपनीला वसाहतीसाठी भांडवल उभं करायचं होतं. 'बघा, आमची वसाहत कशी चाललीय, यांची राजकन्या ख्रिस्ती झाली, इंग्रजी पेहराव करते' हे दाखवायला तिला नेलं. जानेवारी 1617मध्ये व्हाइटहॉलला राजा जेम्ससमोर झालेल्या नाट्यप्रयोगाला ती हजर होती. स्मिथही तिला लंडनजवळ ब्रेंटफर्डला भेटायला आला. त्यानेच लिहिलंय की त्याला पाहताच तिने तोंड फिरवलं, दोन-तीन तास ती बोलली नाही, आणि मग त्याला सुनावलं : आम्हाला तू मेलास असंच सांगत होते, तुमची माणसं फार खोटं बोलतात. सिनेमातही स्मिथ मेला अशी बातमी असते आणि मग तो समोर येतो. हा धागा लेखकांनी इतिहासातूनच उचललाय. फक्त तिचा राग तेवढा मवाळ करून टाकला.

शेवट तर पूर्ण उलटा. सिनेमात ती आणि रॉल्फ सुखाने जहाजावरून घरी निघतात. प्रत्यक्षात मार्च 1617मध्ये परतीचं जहाज थेम्स नदीतून जेमतेम ग्रेव्हसेंडपर्यंत पोचलं होतं. ती आजारी पडली, तिला किनाऱ्यावर उतरवलं आणि तिथेच ती गेली. वय साधारण एकवीस. 21 मार्चला ग्रेव्हसेंडच्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये तिचं दफन झालं. ते चर्च 1727मध्ये जळालं, त्यामुळे कबर नेमकी कुठे आहे ते आज कुणालाच माहीत नाही. लहानग्या थॉमसला इंग्लंडमध्येच ठेवून रॉल्फ एकटा परतला.

हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल, मग दाखवायचा तरी कशाला? माझा अनुभव असा की नऊ-दहा वर्षांच्या मुलांना 'सिनेमात असं आहे आणि खरं असं होतं' हे व्यवस्थित झेपतं, फक्त क्रम सांभाळावा लागतो. आधी सिनेमा पूर्ण पाहू द्यायचा, मध्ये थांबवून 'हे खोटं आहे बरं का' करत बसायचं नाही. त्याने सिनेमाही जातो आणि इतिहासही. एकच सूचना आधी देऊन ठेवा : राजवाड्यातल्या मेजवानीत साखळदंडाने बांधलेल्या अस्वलाला छळण्याचा प्रसंग आहे. मुक्या जनावरांवर जीव असणारी मुलं तिथे रडतात. असे खेळ त्या काळी लंडनमध्ये खरोखर चालत, राजेरजवाडेही ते बघत, आणि पोकाहाँटस त्याविरुद्ध ताडकन उठते म्हणूनच पुढची सगळी गोष्ट घडते. माझ्या मते हा सिनेमातला सगळ्यात जोरदार प्रसंग आहे. लेखकांनी तिला इथे खरोखर काहीतरी करायला दिलंय. पहिल्या भागात ती मुख्यतः कुणाला तरी वाचवते. इथे ती अख्ख्या दरबाराला सुसंस्कृतपणा म्हणजे काय ते विचारते, आणि त्याची किंमत म्हणून तुरुंगात जाते.

दुसऱ्या दिवशी मुलीसमोर एक चित्र ठेवा. सिमोन व्हॅन द पास या चित्रकाराने 1616मध्ये तिला समोर बसवून केलेलं कोरीव चित्र सहज मिळतं, छापूनही घेता येईल. उंच टोपी, गळ्याभोवती ताठ झालरीची कॉलर, हातात पिसांचा पंखा, गालांची हाडं वर आलेली, नजर सरळ आपल्याकडे. खाली तिचं मूळ नाव मातोआका, रेबेका हे नवं नाव, आणि वय 21. मग सिनेमातला तिला मेजवानीसाठी नटवतात तो प्रसंग पुन्हा लावा, पावडर, गाउन आणि सगळं. तिथे तो गाण्याबजावण्यात, मजेत होतो. चित्रातला चेहरा बघून मुलं बहुधा स्वतःच विचारतात, की ही हसत का नाहीये. तिथून पुढचं बोलणं आपोआप सुरू होतं. तिला पळवून नेलं होतं, ती आजारी पडून परदेशातच गेली, एवढं साध्या शब्दांत सांगावं. मुलं ऐकतात.

आणखी एक माणूस मुलांना फार आवडतो : उत्तामातोमाकिन. सिनेमात तो तिचा न बोलणारा धिप्पाड अंगरक्षक आहे. खरा उत्तामातोमाकिन तिच्या वडिलांचा सल्लागार आणि पुजारी होता, आणि चांगला बोलका होता. इंग्लंडमध्ये माणसं किती आहेत ते मोजून ये, असं त्याला सांगितलं होतं म्हणे. प्लिमथला उतरल्यावर त्याने एक लांब काठी घेतली आणि दिसेल त्या माणसागणिक एक खाच पाडायला लागला. थोड्याच वेळात कंटाळून त्याने नाद सोडला. राजाला आपण भेटलो हे त्याला आधी पटेचना. पटलं तेव्हा त्याने स्मिथला ऐकवलं की तुम्ही पोव्हाटनला पांढरा कुत्रा दिला होता, तुमच्या राजाने मला काहीच दिलं नाही. एवढा झकास माणूस हाताशी असताना त्याला मुका करणं, ही या सिनेमाची मला सगळ्यात मोठी चूक वाटते.

आणि हे लोक संपले असं मुलीच्या मनात राहू देऊ नका. पामंकी आणि मट्टापोनी या जमाती आजही व्हर्जिनियात आपापल्या राखीव जमिनींवर आहेत. सतराव्या शतकातल्या तहाप्रमाणे दरवर्षी गव्हर्नरला हरीण नजर करण्याचा रिवाज त्या अजून पाळतात. दोन्ही सिनेमांत पोव्हाटनचा आवाज रसेल मीन्स यांनी दिला. अमेरिकेतल्या मूलनिवासी हक्कांच्या चळवळीतलं ते मोठं नाव. म्हणजे या सिनेमांवर टीका होत असतानाच त्या लोकांपैकी काहीजण त्यात कामही करत होते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

तर इथवरचं थोडक्यात : दाखवा, पूर्ण दाखवा, इतिहास दुसऱ्या दिवशी सांगा. आता कॅसेटकडे वळते.

कॅसेट मशीनमध्ये घालण्याआधी उजेडात धरून तिच्या खिडकीतून टेपच्या गुंडाळीच्या कडा बघा. पांढरट पूड किंवा ठिपके दिसले तर ती बुरशी समजा. आपल्या पावसाळ्यात माळ्यावर राहिलेल्या कॅसेटला ती हमखास धरते. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये अजिबात घालू नका. हेड खराब होतं आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागण होते. टेप स्वच्छ दिसली तरी पुढचा प्रश्न टीव्हीच्या चित्राच्या पद्धतीचा, ती देशागणिक वेगळी. अमेरिकेतली कॅसेट एनटीएससी, म्हणजे 525 रेषांची आणि सेकंदाला जवळपास 30 चौकटींची (फ्रेमची). आपल्याकडची पाल, 625 रेषा आणि 25 चौकटी. नुसत्या पालच्या व्हीसीआरवर चित्र गडगडतं किंवा काळंपांढरं दिसतं, मल्टिसिस्टिम मशीन लागतं. ते घरात किंवा ओळखीत असेल तर मुलीबरोबर एकदा त्या कॅसेटवरच बघा, मजा येईल.

डिजिटल करून घेण्याचा सल्ला मात्र मी देणार नाही. विकत मिळणाऱ्या सिनेमांच्या कॅसेटच्या नकला मी करून देत नाही, तो हक्क कंपनीचा. शिवाय अशा बऱ्याच कॅसेटवर नक्कल रोखणारा संकेत घातलेला असतो, त्यामुळे संगणकावर घेताना चित्र आपोआप उजळतं, काळवंडतं, पुन्हा उजळतं. लोकांना वाटतं टेप खराब झाली. टेप ठीक असते. पण खरं कारण वेगळंच आहे. तुमच्या घरचे लग्नाचे, बारशाचे व्हिडिओ जगात एकाच टेपवर असतात, पैसे आणि वेळ त्यांच्यावर घाला. हा सिनेमा डिस्कवर स्वच्छ मिळतो.

डिस्कमध्ये 2012ला अमेरिकेत दोन्ही भाग एकत्र असलेला ब्लू-रे संच निघाला, तो मिळाला तर उत्तम. अडचण विभागाची, म्हणजे एका भागात विकलेली डिस्क दुसऱ्या भागातल्या मशीनवर चालू नये म्हणून केलेल्या वाटणीची. ब्लू-रेला अमेरिका ए विभागात आणि भारत सीमध्ये. डीव्हीडीला अमेरिका 1, आपण 5. डिस्क सर्व विभागांत चालते की नाही हे प्रत्येक आवृत्तीवर अवलंबून आहे, म्हणून विक्रेत्याकडून मागच्या बाजूचा फोटो मागवून विभागाचं चिन्ह तपासा. संगणकाच्या डीव्हीडी ड्राइव्हचा विभाग बदलता येतो, पण साधारण पाचच वेळा, मग तो कायमचा अडकतो. ब्रिटनची पाल डीव्हीडी मिळाली आणि तिच्यावर वेळ 69 मिनिटांच्या आसपास दिसली तर काही कापलंय असं समजू नका. सेकंदाला 24 चौकटींचा सिनेमा पालमध्ये 25च्या गतीने पळतो, म्हणून 72 मिनिटांतली तीन कमी होतात. स्ट्रीमिंगवर मिळत असेल तर सगळ्यात सोपं, पण तिथली यादी बदलत असते, आज आहे तो पुढच्या महिन्यात असेलच असं नाही.

आणि लावण्याआधी टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये जाऊन हालचाल गुळगुळीत करणारा पर्याय बंद करा, प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते. हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये बऱ्याचदा एकच चित्र दोन चौकटी धरलेलं असतं, म्हणजे सेकंदाला बारा चित्रं. टीव्ही मध्ये स्वतःची बनावट चौकट घुसवतो, मग हात-पाय रबरासारखे ओघळतात आणि चेहऱ्याच्या रेषा क्षणभर फाटतात. चित्र ताणून पडदाभर करण्याचा पर्यायही बंदच ठेवा, बाजूला काळ्या पट्ट्या राहिल्या तर राहू द्या.

कॅसेटच्या खिडकीचा फोटो इथे टाकलात तर बुरशी आहे की नुसती धूळ, ते बघून सांगते. डिस्क ठरवलीत तर पैसे देण्याआधी तिच्या मागच्या बाजूचाही टाका.